टाके निघाले, पण काम संपलं नाही

(प्रभाग संघाच्या मासिक सभेतलं भाषण, वार्तापत्रासाठी लिहून काढलेलं)



सभेत मी हे बोलले तेव्हा निम्म्या जणी खुरपणीला गेलेल्या होत्या. अध्यक्षताई म्हणाल्या, "जे बोललीस ते लिहून दे, गटाच्या बैठकीत वाचून दाखवता येईल." म्हणून बोलले तसंच लिहिलं आहे. गटात जिला चांगलं वाचता येतं तिनं हे मोठ्यानं वाचावं. मधे मधे थांबावं. आणि कुणाच्या घरात, भावकीत, शेजारी असं लेकरू असेल तर तिथंच सांगावं, लाजू नये.

विषय आहे ओठ किंवा टाळू दुभंगलेली असताना जन्मलेल्या लेकरांचा. आपल्याकडं अशा पोराला लोक काय काय नावं ठेवतात ते तुम्हाला माहीत आहे. ती नावं मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. आणि टाळू म्हणजे बाळाच्या डोक्यावर तेल घालतो ती टाळू नाही. तोंडाच्या आत, वरच्या बाजूला जीभ लावली की जे छत लागतं, त्यालाही टाळूच म्हणतात. मी त्या टाळूबद्दल बोलते आहे.

ओठाचं आणि टाळूचं ऑपरेशन होतं, अनेक ठिकाणी ते फुकट होतं, हे आता बहुतेक गावांत पोहोचलं आहे. अंगणवाडी ताई सांगतात, आशाताई सांगतात. मला सांगायचं आहे ते पुढचं. ऑपरेशन झाल्यावर पाच-सात वर्षांनी त्या लेकराच्या दातांचं आणि जबड्याचं जे होतं, ते कुणी सांगत नाही. मलाही माहीत नव्हतं. आणि मला माहीत नव्हतं म्हणून एका मुलीची दोन वर्षं वाया गेली. तिथूनच सुरुवात करते.

आधी माझी चूक

तीन वर्षांपूर्वी मी नवीनच कामाला लागले होते. एम.एस.डब्ल्यू. करून आले होते, हातात फॉर्मचा गठ्ठा होता. घरोघरी जाऊन कुटुंबाची माहिती भरायची होती. त्यात एक रकाना होता, घरात कुणाला जन्मजात व्यंग आहे का, आणि पुढं, उपचार झाले का.

एका ताईच्या घरी दहा वर्षांची मुलगी होती. वरच्या ओठावर टाक्यांचा बारीक वण होता. मी विचारलं, ऑपरेशन झालंय का? ताई म्हणाल्या, "हो मॅडम, दोन्ही झाली. ओठाचं पाचव्या महिन्यात, टाळूचं दीड वर्षाची असताना." मी लिहिलं, होय. पुढच्या घरी गेले.

गेल्या वर्षी पावसाळ्यात किशोरी मुलींची बैठक घेतली. एका ताईंनी शेतातले पेरू आणले होते. सगळ्या पोरींनी तिथंच चावायला सुरुवात केली. त्या मुलीनं आपला पेरू दप्तरात ठेवला. मी म्हटलं, खा ना. ती म्हणाली, घरी खाते. बैठक संपल्यावर मी परत विचारलं, तेव्हा हळूच म्हणाली, "मॅडम, मला दातानं तोडताच येत नाही. आई विळीवर चिरून देते."

मी तिला तोंड उघडायला सांगितलं. वरचे समोरचे दात खालच्या दातांच्या मागं गेलेले. एक दात आडवा फिरलेला. वणाच्या बाजूला हिरडीत खाच, एक दात नाहीच, आणि सुळा वाकडा डोकावत होता. आई म्हणाली, भाकरी दुधात नाहीतर कालवणात कुस्करूनच खाते, चार वर्षं झाली. शाळेत डबा खात नाही. वर्गात वाचायला उभं केलं की तोंडावर हात धरते.

आम्ही तिला छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी तपासलं, एक्स-रे काढला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "दोन वर्षं आधी का नाही आणली?" दोन वर्षं आधी ती दहा वर्षांची होती. म्हणजे मी तिच्या ओट्यावर बसून 'होय' लिहिलं, तेव्हाच.

हे सगळं मी तिच्या आईला विचारून सांगते आहे. तिचं नाव, गाव सांगणार नाही. ओळखलंत तरी मनात ठेवा.

डबा आणि झाकण

आता एक काम करा. वाचणारीनंही करावं. तोंड मिटा, दाढेवर दाढ नेहमीसारखी टेकवा. मग ओठ उघडून नखानं चाचपा. वरचे समोरचे दात खालच्या दातांच्या थोडे पुढं आहेत ना? बाजूच्या वरच्या दाढाही खालच्या दाढांच्या जराशा बाहेर आहेत. म्हणजे वरचा जबडा डब्याच्या झाकणासारखा. झाकण डब्यापेक्षा थोडं मोठं असतं म्हणून नीट बसतं.

टाळू दुभंगलेल्या पुष्कळ मुलांमध्ये हे झाकणच डब्यापेक्षा लहान राहतं. मग ते डब्याच्या आत पडतं. वरचे दात खालच्या दातांच्या मागं जातात, बाजूच्या दाढा आत वळतात. यालाच डॉक्टर उलटा चावा म्हणतात. एका बाजूला असतो, कधी दोन्ही बाजूंना, कधी फक्त समोर.

असं का होतं? एक तर त्या लेकराच्या वरच्या जबड्यातच जन्मापासून कमतरता असते. दुसरं कारण तुम्हाला चुलीवरून कळेल. हातावर भाजलं की ती जागा भरून येते, पण तिथली कातडी आकसते, बाकीच्या कातडीसारखी ताणत नाही. टाळूच्या ऑपरेशनचा वणही तसाच असतो. लेकरू वाढतं, खालचा जबडा वाढतो, पण वरच्या जबड्याला तो वण धरून ठेवतो. तो रुंदीला कमी वाढतो आणि पुढंही कमी येतो. लहानपणी हे दिसत नाही. सहा-सात वर्षांचं झालं, कायमचे दात यायला लागले की दिसायला लागतं. वयात येताना खालचा जबडा झपाट्यानं वाढतो, तेव्हा नाकाखालचा भाग बसल्यासारखा आणि हनुवटी पुढं आल्यासारखी दिसते.

इथं एक गोष्ट नीट ऐका. याचा अर्थ ऑपरेशन चुकलं असा नाही. ऑपरेशन करू नये असा तर मुळीच नाही. टाळू शिवली नाही तर अन्न-पाणी नाकातून येतं, बोलणं कळत नाही, कानात पाणी साचून ऐकायला कमी येतं. टाळू वेळेवर शिवलीच पाहिजे. फक्त शिवल्यानंतर पंधरा-सतरा वर्षं लक्ष ठेवावं लागतं, एवढंच मी म्हणते आहे.

दातावर दात न बसल्यानं काय होतं ते त्या मुलीनं दाखवलंच. पेरू, ऊस, कणीस समोरच्या दातांनी तुटत नाही. जाड भाकरी नीट चावली जात नाही. वाकड्या दातांच्या फटीत घास अडकतो, दात किडतात. बोलण्यातही फरक पडतो. स, श, च, ज हे उच्चार जीभ दातांच्या मागं नेऊन करायचे असतात, तिथं जागाच नसली की ते फिसकटतात. गेंगाणं बोलणं मात्र वेगळं. ते मऊ टाळू नीट बंद होत नाही म्हणून होतं, दात सरळ केल्यानं जात नाही. त्याला वाचा उपचार लागतो, कधी पुन्हा छोटं ऑपरेशन लागतं. दोन्ही गोष्टी वेगळ्या सांगा, म्हणजे डॉक्टरही योग्य ठिकाणी पाठवतील.

फुटलेला बांध

बऱ्याच मुलांमध्ये फट फक्त ओठाला आणि टाळूला नसते, मधल्या हिरडीलाही असते. ओठ शिवतात, टाळू शिवतात, पण हिरडीच्या आतलं हाड लहानपणी जोडलेलं नसतं. वरून कातडी दिसते, आत फट तशीच.

आता तुम्ही शेतकरी बाया आहात. बांध फुटून माती वाहून गेली असेल तिथं झाड लावाल का? आधी माती भरावी लागते. दाताचंही तसंच. दात हाडात उभा राहतो. हाडच नसेल तर तो येणार कुठून? म्हणून फटीजवळचा छोटा दात पुष्कळदा नसतोच, नाहीतर वेडावाकडा येतो, कधी तिथं एक जादा दातही येतो. आणि सुळ्याला यायला वाट मिळत नाही.

यावर उपाय आहे. कमरेच्या हाडातून थोडा भुगा काढून तो हिरडीच्या फटीत भरतात. सुळा यायच्या आधी हे झालं तर सुळा त्या नव्या हाडातून आपोआप खाली उतरतो, आणि उतरताना त्या हाडालाही पक्कं करतो. वरचा सुळा साधारण 11-12 व्या वर्षी येतो. म्हणून हे ऑपरेशन बहुतेक वेळा 8 ते 11 या वयात करतात. नंतरही करता येतं, पण यश कमी मिळतं आणि त्रास जास्त होतो.

आमची मुलगी गेली तेव्हा सुळा यायला लागलेला होता. डॉक्टर मॅडम मला का बोलल्या, ते आता तुम्हाला कळलं असेल.

कोणत्या वयात काय

सगळ्यांना सगळं लागत नाही. फक्त ओठाला फट असेल तर दातांचा त्रास कमी असतो, कधी नसतोही. हिरडी आणि टाळूपर्यंत फट असेल तर जास्त. पण वेळापत्रक पाठ करून ठेवा, लसीकरणाचं ठेवतो तसं.

जन्मल्यावर: दूध पाजणं हे पहिलं काम. बाळाला ओढता येत नसेल तर आईचं दूध काढून बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं, बाळाला उभं-तिरपं धरून पाजायचं. वजन वाढलं तरच ऑपरेशन होतं.

3 ते 6 महिने: ओठाचं ऑपरेशन.

9 ते 18 महिने: टाळूचं ऑपरेशन.

दुधाचे दात आल्यापासून: दात रोज दोन वेळा घासायचे. "दुधाचेच आहेत, पडणारच आहेत" म्हणून किडू द्यायचे नाहीत. दुधाचे दात कायमच्या दातांची जागा धरून ठेवतात.

6-7 वर्षं: पहिली कायमची दाढ आणि समोरचे दात येतात. या वयात एकदा दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टना, दाखवायचंच. साध्या दातांच्या डॉक्टरांना दाखवलं तरी चालेल, पण "पुढं पाठवा" असं म्हणायचं. माझं भाषण विसरलात तरी हे एक वय विसरू नका.

7 ते 10 वर्षं: गरज असेल तर वरचा जबडा हळूहळू रुंद करणारं तारेचं साधन टाळूला बसवतात. काही मुलांना कपाळावर आणि हनुवटीवर टेकणारा मुखवटा देतात, त्याला रबर लावून वरचा जबडा पुढं ओढतात. तो रोज बरेच तास घालावा लागतो.

8 ते 11 वर्षं: हिरडीत हाड भरायचं ऑपरेशन.

12-13 वर्षांपासून: तारा लावून दात रांगेत आणायचे. याला दीड-दोन वर्षं, कधी जास्त लागतात. साधारण महिन्याला एकदा जावं लागतं.

वाढ थांबल्यावर: मुलींची साधारण 16 नंतर, मुलांची 18 च्या पुढं. तेव्हाही वरचा जबडा खूप मागं असेल तर जबडा पुढं आणायचं ऑपरेशन करतात. ते वाढ थांबायच्या आधी बहुधा करत नाहीत, कारण खालचा जबडा पुन्हा पुढं जाऊ शकतो. नसलेल्या दाताच्या जागी कायमचा दातही तेव्हाच बसवतात.

हे वाचून काहीजणी म्हणतील, आमची पोर पंधराची झाली, आता काय उपयोग? उपयोग आहे. मोठ्या वयातही तारा लावता येतात, जबड्याचं ऑपरेशन होतं. वाट लांबची होते, पण बंद होत नाही.

सभेत विचारलेले प्रश्न

एका मावशींनी विचारलं, "ग्रहणात सुनेनं भाजी चिरली, म्हणून नातवाचा ओठ असा झाला. मग आता दात पण त्यामुळंच का?"

मावशी, ओठ पोटात चौथ्या ते सातव्या आठवड्यात तयार होतो. टाळू त्याच्या पाठोपाठ तिसऱ्या महिन्यापर्यंत जुळते. पुष्कळ वेळा तोवर बाईला दिवस गेलेले नीट कळलेलंही नसतं. सहाव्या-सातव्या महिन्यात ग्रहण आलं तेव्हा ओठ कधीच तयार झालेला असतो. ग्रहण तर सगळ्या गावावर येतं, त्या गावातल्या सगळ्या गरोदर बायांची लेकरं अशी होतात का? साधारण सातशे बाळांमागं एक बाळ असं जन्मतं. काही वेळा ते घराण्यातून येतं. गरोदरपणात विडी-सिगारेटचा धूर, आईचा मधुमेह, फिटची काही औषधं यांनी धोका वाढतो. पण बहुतेक वेळा एकच कारण बोट दाखवून सांगता येत नाही. सुनेचा दोष नाही. फिटचं औषध चालू असलेल्या ताईनं ते मनानं बंद करू नये, दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मात्र सगळ्यांनी घ्याव्यात.

दुसरीनं विचारलं, "फटीजवळ एक जादा दात आलाय, घाण दिसतो. गावातल्या दवाखान्यात काढून टाकू का?"

घाई करू नका. फटीजवळचा दात काढला की तिथलं उरलंसुरलं हाडही झिजतं. हाड भरायच्या आधी कुठला दात ठेवायचा, कुठला काढायचा आणि कधी, हे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि सर्जन मिळून ठरवतात. दुखत असेल, किडला असेल तर दाखवा. पण नुसता वाकडा दिसतो म्हणून काढू नका.

तिसरीनं विचारलं, "पाणी पिताना अजून नाकातून येतं, पण ऑपरेशन तर झालंय."

टाळूत छोटं छिद्र राहिलं असेल. असं होऊ शकतं, त्यावर उपाय आहे. जिथं ऑपरेशन झालं तिथं परत जा.

चौथीनं जे विचारलं ते सगळ्यांच्या मनात असतं. "दात नीट झाले की लग्न जमेल का?"

ताई, मी रागावले नाही, पण उत्तर सरळ देते. मुलाला असा त्रास असता तर तुम्ही लग्नाचं आधी विचारलं असतं का? दात नीट करायचे ते तिला भाकरी चावता यावी, वर्गात तोंडावर हात न धरता वाचता यावं, पोलीस भरतीला, नर्सिंगला मुलाखतीत मोकळं बोलता यावं म्हणून. आणि मुलगा असला तरी तेवढंच करायचं, "पोराला काय, मिशी आली की वण झाकेल" असं म्हणून सोडायचं नाही. मिशीनं वण झाकतो, उलटा चावा नाही.

उसाचा फड आणि तपासणीची तारीख

आता आपल्या भागाचं खरं दुखणं. आपल्या कितीतरी ताया दसरा-दिवाळी झाली की कोयत्यावर जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जावंच लागतं. लेकरं बरोबर जातात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. तारांचा उपचार तर दर महिन्याला बोलावतो. पाच महिने गेलं नाही तर तार तुटते, ढिली होते, दात मागं सरकतात, आणि डॉक्टरही कंटाळतात. शाळेतली तपासणीही अशीच चुकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. ते जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं, आणि ओठ-टाळू दुभंग त्यांच्या यादीत आहे. पण पथक आलं तेव्हा आपलं लेकरू फडावर असेल तर त्याला कोण बघणार?

त्या मुलीच्या बाबतीतही हेच होतं. आई म्हणाली, "मॅडम, महिन्याला एकदा संभाजीनगर म्हणजे दोन माणसांचं भाडं आणि दोन खाडे. आणि दिवाळीनंतर आम्ही इथं नसतोच."

तेव्हा तिच्या गटानं जे केलं ते सांगते. बैठकीत आधी कुरबुर झाली. "कर्ज शेळीला घ्यावं, दाताला कशाला?" असं एकजण म्हणाली. तेव्हा तिच्या आईनं काही भांडण केलं नाही. फक्त म्हणाली, "माझी लेक चार वर्षं कुस्करून खाते, मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण मलाच वाटायचं की ऑपरेशन झालंय, आता हे असंच." सगळ्या गप्प झाल्या. मग ठराव झाला आणि इतिवृत्तात लिहिला गेला. प्रवासासाठी गटातून अंतर्गत कर्ज. मुलगी हंगामात आजीकडं गावातच राहील. महिन्याच्या तारखेला गटातली एक ताई आळीपाळीनं तिला घेऊन जाईल. जी जाईल तिचं त्या दिवशीचं शेतातलं काम दुसऱ्या दोघी उरकतील.

असं वर्ष गेलं. पहिले दोन महिने किडलेले दात भरण्यात गेले, कारण दात स्वच्छ असल्याशिवाय तारा लावत नाहीत. मग जबडा रुंद करायचं साधन बसलं. उन्हाळ्यात आई फडावरून आल्यावर हाड भरायचं ऑपरेशन झालं. उशिरा झालं, तरी हाड धरलं आहे असं डॉक्टर म्हणतात. आता तारा लागल्या आहेत. वरचे समोरचे दात अजून खालच्यांच्या पुढं आलेले नाहीत. ते तारांनी येतील की पुढं जबड्याचं ऑपरेशन लागेल, हे ती सोळा-सतराची झाल्यावर ठरेल. मी तुम्हाला गोड शेवट सांगणार नाही. पण मागच्या महिन्यात तिनं शाळेत डबा नेला.

गटानं काय करायचं

एक. प्रत्येक ग्रामसंघानं यादी करा. आपल्या गावात ओठ किंवा टाळू दुभंग असलेली किती मुलं-मुली आहेत, किती मोठी माणसं आहेत. 'ऑपरेशन झाले, होय' एवढ्यावर रकाना बंद करायचा नाही. पुढं लिहायचं: वय किती, दातावर दात बसतात का, दातांच्या डॉक्टरांना दाखवलं का, पुढची तारीख कोणती. मी माझ्या फॉर्ममध्ये हे रकाने हातानं आखून घेतले आहेत. कार्यालयाचा नवीन फॉर्म येईल तेव्हा येईल.

दोन. सहा ते अकरा वर्षांच्या लेकराला आधी न्या. वय निघून जातं ते त्यांचंच.

तीन. शाळेत आरोग्य पथक येईल त्या दिवशी लेकराला शाळेत ठेवा आणि डॉक्टरांना तोंडानं सांगा, "याचं ऑपरेशन झालंय, पण दात उलटे बसतात." पथक जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं किंवा मोठ्या रुग्णालयात पाठवू शकतं. चिठ्ठी मागून घ्या.

चार. जिथं पहिलं ऑपरेशन झालं तिथं परत विचारा. स्माईल ट्रेनसारख्या संस्था अनेक रुग्णालयांत ओठ-टाळूची ऑपरेशनं मोफत करून देतात, आणि काही ठिकाणी दात आणि वाचा उपचारालाही मदत मिळते. आपल्याला शासकीय दंत महाविद्यालय संभाजीनगरला आहे, तसंच मुंबई आणि नागपूरलाही आहे. तिथला खर्च खाजगीपेक्षा बराच कमी असतो. शासकीय योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड, आधार आणि जुने ऑपरेशनचे कागद बरोबर ठेवा. ते कागद पत्र्याच्या पेटीत तळाशी टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवा.

पाच. पैशासाठी गटातलं अंतर्गत कर्ज आहे, ग्रामसंघाकडं जोखीम प्रवणता निधी आहे. मागायला लाजू नका. आणि देणाऱ्यांनी "दातच तर आहेत" असं म्हणू नका.

सहा. हंगामाला जाणाऱ्या ताईनं निघायच्या आधी डॉक्टरांना सांगावं, "आम्ही पाच महिने नसू." लेकरू आजीकडं, किंवा गावात हंगामी वसतिगृह असेल तर तिथं राहू शकतं का ते बघावं. नाहीच जमलं तर तारा लावायच्या आधीच तसं सांगावं, डॉक्टर त्याप्रमाणं उपचार आखतात.

सात. मिश्री. हे आपल्यातल्या मोठ्यांसाठी. आई सकाळी मिश्री लावते आणि लेकराला म्हणते ब्रश कर, हे कसं जमणार? मिश्री तंबाखूच आहे. तुमच्या हिरड्यांसाठी सोडा, आणि घरात गरोदर सून असेल तर तिच्या हातात तर देऊच नका.

शेवटी एवढंच. वर सांगितलेल्या यादीसाठी मी पुढच्या महिन्याच्या सभेला कोरी वही घेऊन येणार आहे. दसरा झाला की टोळ्या निघतील, त्याआधी सहा ते अकरा वर्षांच्या प्रत्येक लेकराची एक तरी तपासणी झालेली असली पाहिजे. ज्या ग्रामसंघाची यादी तयार असेल त्यांच्याबरोबर मी स्वतः दंत महाविद्यालयात येईन, पहिल्या फेरीला तरी. तारीख तुम्ही ठरवा, एसटीची वेळ मी बघते.



तुमची क्षेत्र समन्वयक